‘सगळं क्लिअर आहे’ म्हणतात तेव्हा कुणाचा हक्क संपलेला असतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पलूस तालुक्यातले, नोकरीनिमित्त पुण्यात राहणारे एक गृहस्थ मिरजेजवळ सव्वा एकर बागायत जमीन घेत आहेत. इसाराचे दोन लाख त्यांनी चेकने दिले. विकणारे म्हणतात, "चेक क्लिअर झाला, सोसायटीचं कर्ज क्लिअर आहे, बँकेच्या वकिलानं टायटल क्लिअरचा दाखला दिलाय, आता फक्त खरेदीखत करायचं." याच गृहस्थांच्या धाकट्या भावाने परराज्यातल्या एका व्यापाऱ्याला बेदाणा दिला आहे, आणि ‘चेक क्लिअरिंगला आहे’ एवढंच उत्तर त्यांना रोज फोनवर मिळतं. या गृहस्थांनी विचारलं आहे की कायद्यात आणि पैशाच्या व्यवहारात क्लिअर किंवा क्लिअरन्स याचे नेमके किती अर्थ होतात, आणि त्यातल्या कशावर विसंबून पुढचं पाऊल टाकावं.

मी सांगलीत दिवाणी वकिली करतो. बँकांसाठी सर्च रिपोर्ट (जमिनीच्या जुन्या नोंदींचा शोध), चेक न वटल्याच्या फिर्यादी आणि खरेदीखतं हे माझं रोजचं काम. त्या अनुभवावरून सांगतो: क्लिअर झालं म्हणजे कुणाचा तरी हक्क संपला. चेक क्लिअर झाला म्हणजे देणाऱ्याच्या बँकेचा तो परत पाठवायचा हक्क संपला. कर्ज क्लिअर झालं म्हणजे जमिनीवरचा सावकाराचा, बँकेचा, सोसायटीचा हक्क संपला. टायटल क्लिअर म्हणजे विकणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाचा हक्क निदान कागदावर तरी दिसत नाही. कस्टमने माल क्लिअर केला म्हणजे तो माल अडवून ठेवायचा सरकारचा हक्क संपला. म्हणून हा शब्द कानावर पडला की दोन गोष्टी विचाराव्यात. कुणाचा हक्क संपला? आणि तो संपल्याचा कागद कुठे आहे? एकाचा हक्क संपल्याने दुसऱ्याचा आपोआप संपत नाही. आपल्या भागातली बहुतेक भांडणं इथेच सुरू होतात.

आधी चेक घेऊ, कारण तुमच्या भावाच्या बाबतीत घड्याळ चालू आहे.

पूर्वी जिल्ह्याच्या गावी क्लिअरिंग हाउस असायचं. सगळ्या बँकांचे कारकून चेकांचे गठ्ठे घेऊन एका ठिकाणी जमायचे, एकमेकांचे चेक एकमेकांना द्यायचे, आणि कोणत्या बँकेने कोणाला निव्वळ किती द्यायचे ते काढायचे. आता चेकचा कागद प्रवास करत नाही, त्याची प्रतिमा जाते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर दिवसातून एकदा गठ्ठा पाठवण्याची पद्धतही गेली. दिवसाच्या ठरलेल्या वेळेत शाखेने स्कॅन केलेला चेक लगेच पुढे जातो. ज्या बँकेवर तो काढला आहे तिने संध्याकाळी सातपर्यंत मंजूर की नामंजूर ते कळवायचं असतं. नाही कळवलं तर तो मंजूर धरून हिशोबात घेतला जातो. पैशाची बँकाबँकांतली देवघेव पुरी झाली की तुमच्या बँकेने तासाभरात रक्कम खात्यात वापरायला द्यायची.

याचा अर्थ उघड आहे. चेक खरोखर बँकेत भरला असेल तर त्याचं बरंवाईट बहुधा त्याच दिवशी कळतं. आठवडाभर ‘क्लिअरिंगला आहे’ हे उत्तर चालतच नाही. एक तर चेक भरलेला नाही, किंवा तो परत आला आहे आणि तुम्हाला सांगितलेलं नाही. भावाने व्यापाऱ्याला फोन करत बसण्यापेक्षा आपल्या शाखेत जाऊन परतीचा मेमो, म्हणजे चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी, आला आहे का ते विचारावं. आणि व्यापारी ‘मीच तुमच्या खात्यात चेक भरलाय’ म्हणून स्लिपचा फोटो पाठवत असेल, तर स्लिप म्हणजे पैसे नव्हेत. खात्यातली दिसणारी शिल्लक आणि काढता येणारी शिल्लक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काढता येईल तीच तुमची.

मेमो हातात आला की पुढच्या तारखा कडक आहेत. परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ चं कलम १३८ लागू होतं. मेमोची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस त्याला पैसे द्यायला मिळतात. ते संपले की महिन्याभरात फिर्याद. समजा मेमो ५ जानेवारीला मिळाला, तर नोटीस ४ फेब्रुवारीच्या आत जायला हवी. त्याला ती १० फेब्रुवारीला मिळाली तर त्याची मुदत २५ तारखेला संपते आणि फिर्याद २६ मार्चपर्यंत दाखल व्हायला हवी. शेवटच्या दिवसावर ठेवू नका. पत्ता अपुरा निघतो, पोस्टाची पोच येत नाही, आणि या कायद्यात उशीर माफ करून घ्यायचा तर सबळ कारण कोर्टाला पटवून द्यावं लागतं. चेक स्वतः तारखेपासून तीन महिनेच चालतो, हेही ध्यानात ठेवा. ‘पुढच्या महिन्यात टाका, आत्ता नको’ असं म्हणत तीन महिने घालवणारे व्यापारी मी पुष्कळ पाहिले आहेत.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला एक गोष्ट सहसा माहीत नसते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ही फिर्याद चेक घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात चालते. व्यापारी कुठल्याही राज्यातला असो, तासगावच्या शाखेत खात्यावर भरलेला चेक परत आला तर फिर्याद तासगावला. आपण तिकडे खेटे घालायचे नाहीत, त्याने इकडे यायचं. ‘स्टॉप पेमेंट केलंय, आता काही करता येत नाही’ ही धमकीही पोकळ आहे. देणं असताना थांबवलेला चेकसुद्धा याच कलमात येतो. कोर्ट फिर्यादीच्या दरम्यान चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा हुकूमही करू शकतं.

पण हा सगळा नंतरचा उपाय. गाडी भरण्याआधी आरटीजीएसने, म्हणजे बँकेतून बँकेत थेट, पैसे मागणं हा खरा उपाय. डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं. दोन लाखांच्या वरची रक्कम तशी मिळाली की ती पक्की, कारण २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याने पुऱ्या झालेल्या देवघेवीला अंतिम आणि न फिरवता येणारी मानलं आहे. चेक म्हणजे वचन. आरटीजीएस म्हणजे पैसा.

क्लिअरिंग या गोष्टीमागचा विचार आपल्या बाजारपेठेला नवा नाही. सांगली-तासगावात दिवाळीच्या सुमारास बेदाण्याचे सौदे काही काळ बंद ठेवतात आणि त्या अवधीत सगळ्यांची येणीदेणी शून्यावर आणतात. बाजारात त्याला ‘झिरो पेमेंट’ म्हणतात. नवे सौदे थांबवल्याशिवाय जुन्याचा निकाल लागत नाही, हे अडत्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. सांगलीत हळदीचा वायदेबाजारही होता. स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज या नावाची मान्यताप्राप्त संस्था इथली. वायद्यात खरेदी करणारा एक, विकणारा दुसरा, आणि मुदतीच्या दिवशी दोघांपैकी एकाने हात वर केले तर काय, हा तिथला मूळ प्रश्न. आजच्या शेअर बाजारात त्याचं उत्तर क्लिअरिंग कॉर्पोरेशन देते. सौदा झाला की ती मध्ये येते, विकणाऱ्यासाठी खरेदीदार होते आणि खरेदीदारासाठी विक्रेता. म्हणून तुम्ही शेअर विकलेत तेव्हा समोर कोण होतं हे तुम्हाला कधी कळतही नाही आणि कळायची गरजही पडत नाही. २७ जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे सगळ्या शेअरचा हिशोब सौद्यानंतरच्या पुढच्याच कामकाजाच्या दिवशी पुरा होतो. यात क्लिअरिंग आणि सेटलमेंट या दोन पायऱ्या आहेत. कोणाचं किती देणं ते ठरवणं ही पहिली, ते प्रत्यक्ष चुकतं करणं ही दुसरी. जमिनीच्या व्यवहारात असा मध्ये उभा राहणारा कुणी नसतो. समोरच्याने हात वर केले तर तुमच्यासाठी कुणी भरून देत नाही. म्हणून जमिनीत सगळी तपासणी आधी करायची.

आता कर्ज. विकणारे म्हणतात सोसायटीचं कर्ज क्लिअर आहे. खरंही असेल. पण कर्ज फिटलं तरी त्याची खूण वेगवेगळ्या ठिकाणी राहिलेली असते आणि प्रत्येक ठिकाणाहून ती वेगळी पुसावी लागते.

विकास सोसायटीचं पीककर्ज घेताना सभासद इकरार, म्हणजे जमीन तारण असल्याचं लेखी, करून देतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४८ प्रमाणे त्या इकराराने जमिनीवर बोजा बसतो, तलाठ्याकडे नोंद जाते आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात रक्कम चढते. हे कलम कठोर आहे. कर्ज व्याजासह पूर्ण फिटेपर्यंत इकरारातली जमीन विकता येत नाही, आणि विकली तर ती विक्री रद्दबातल. नुसता दंड वगैरे नाही, खरेदीच नाही असं कायदा म्हणतो. त्यामुळे ‘खरेदीनंतर बोजा कमी करून देतो’ हे वाक्य तुम्ही कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नका, समोरचा कितीही सज्जन असला तरी.

पैसे भरल्यावर सोसायटीकडून आणि तिच्यामागच्या जिल्हा बँकेच्या शाखेतून बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा कागद, घ्यावा. तो दाखला म्हणजे खात्यापुरतं क्लिअर. त्यावर अर्ज करून फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद, धरावा लागतो. अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीतून करता येतो. फेरफार मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केला की सातबारा स्वच्छ होतो. या दोन टप्प्यांत आपल्याकडे वर्षांचं अंतर पडलेलं असतं. भूविकास बँकेची थकीत कर्जं शासनाने २०२२ मध्ये माफ केली, पण अशा जुन्या कर्जांचे आकडे इतर हक्कात तसेच राहिलेले मी त्यानंतरही पाहिले आहेत. पैशाचं देणं संपलं, नोंद जिवंत. खरेदीदाराची बँक त्या एका ओळीवर कर्ज नाकारते.

याच्या उलटंही असतं, आणि ते जास्त घातक. सातबारा कोरा दिसतो, पण बोजा आहे. विकणाऱ्याने घर बांधायला किंवा धंद्यासाठी बँकेत मूळ दस्त ठेवून कर्ज काढलं असेल तर त्या गहाणाचं रजिस्टर गहाणखत नसतं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून अशा गहाणाची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते, त्यामुळे ती शोधात सापडते. त्याआधीची जुनी गहाणं तशी सापडतीलच असं नाही. म्हणून मूळ खरेदीखत डोळ्यांनी बघा. झेरॉक्स नको. ‘मूळ कागद पुरात गेले’ असं २००५ आणि २०१९ च्या पुरांनंतर कृष्णाकाठी पुष्कळ जण सांगतात, आणि त्यात खरे सांगणारेही पुष्कळ आहेत. तरीही अशा वेळी सेरसाय या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीत शोध घ्यावा, पोलिसांत दिलेली गहाळ कागदांची तक्रार मागावी, आणि गावात कर्ज देणाऱ्या बँका-पतसंस्थांत चौकशी करावी.

विकणाऱ्यांचं बँकेचं मोठं कर्ज नुकतंच फिटलं असेल तर त्यांना एक हक्क आहे, तो त्यांनी वापरावा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत बँकेने मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेले बोजे काढायचे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यायची. सहकारी बँकांना आणि वित्त कंपन्यांनाही हे लागू आहे. आपले लोक शाखेत चकरा मारतात, साहेब रजेवर आहेत ऐकून परत येतात. त्याऐवजी या परिपत्रकाचा उल्लेख करून एक लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

एकरकमी परतफेडीत तडजोड करून कर्ज मिटवलं असेल तर तेही क्लिअरच, पण वेगळ्या जातीचं. बँकेचा जमिनीवरचा हक्क संपला, तुमच्या खरेदीला तेवढं पुरतं. कर्जदाराच्या सिबिलमध्ये मात्र ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ असं लागतं आणि पुढचं कर्ज मिळताना ते आडवं येतं. हा प्रश्न विकणाऱ्याचा आहे, तुमचा नाही.

जामीनकीचं मात्र जरूर विचारा. आपल्या भागात सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या कर्जापोटी सभासदांच्या सातबाऱ्यावर बोजे चढलेले असतात. त्या शेतकऱ्याने स्वतः एक रुपया उचललेला नसतो. तो सहज म्हणतो, ‘माझं काही कर्ज नाही.’ खोटं बोलत नसतो. पण बोजा जमिनीवर असतो.

आता टायटल. इथे जास्त वेळ थांबतो, कारण आयुष्यभराची पुंजी इथे बुडते.

बँकेच्या वकिलाने दिलेला रिपोर्ट हा बँकेसाठी असतो. मी स्वतः असे रिपोर्ट लिहितो, म्हणून स्पष्ट सांगतो. त्यात प्रश्न एवढाच असतो की या तारणावर दिलेला पैसा बँकेला वसूल करता येईल का. काही बँका १३ वर्षांचाच शोध मागतात, काही ३० वर्षांचा. जमीन घेणाऱ्याने तीस वर्षांपेक्षा कमी शोधावर समाधान मानू नये. तीसच का, तर मुदत कायदा १९६३ प्रमाणे गहाण सोडवून घ्यायला तीस वर्षं मिळतात, आणि तीस वर्षांपेक्षा जुन्या दस्ताला पुराव्यात विशेष वजन असतं. त्या रिपोर्टवर शेवटी लिहिलेलं असतं की हे मत दाखवलेल्या कागदांवर आणि उपलब्ध नोंदींवर आधारलेलं आहे. ही ओळ शोभेची नाही. वकिलाचं मत हे मत आहे, विमा नाही. मत चुकलं एवढ्याने पॅनेलवरच्या वकिलाला कटात सामील धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलं आहे. तुमचा शोध तुमच्या वकिलाकडून, तुमच्या नावाने करून घ्या.

सातबारा म्हणजे मालकी, ही समजूतही बाजूला ठेवायला हवी. महसूल संहिता १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी धरली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने मालकी येत नाही, जात नाही. तो सारा कोणाकडून घ्यायचा यासाठीचा कागद आहे, असं न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. दस्त नोंदवणारा दुय्यम निबंधकही मालकी तपासत नाही, ते त्याचं कामच नाही. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या एका नियमावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितलं. म्हणजे रजिस्टर खरेदीखत झालं तरी विकणाऱ्याकडे जेवढा हक्क होता तेवढाच तुमच्याकडे येतो.

आपल्या भागात तो हक्क कुठे अपुरा निघतो? पहिलं ठिकाण म्हणजे बहिणी. वडील वारल्यावर वारसनोंद करताना भावांचीच नावं लागली, बहिणींनी तलाठ्यासमोर ‘आम्हाला काही नको’ असा जबाब दिला, ही गोष्ट गावोगाव आहे. त्या जबाबाने हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र रजिस्टर व्हायला हवं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मतः हिस्सा दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात असण्याचीही अट काढून टाकली. २० डिसेंबर २००४ पूर्वीची रजिस्टर किंवा कोर्टाची वाटणी असेल तर ती सहसा मोडत नाही. बाकी ठिकाणी बहिणींची खरेदीखतावर सही घ्या. त्यांना त्यांचा पैसा मिळतो आहे की नाही हेही बघा. सही जबरीने घेतलेली असेल तर उद्या तीच सही कोर्टात तुमच्यावर उलटते, आणि मुळात ते बरोबरही नाही.

दुसरं ठिकाण सातबाऱ्याच्या डोक्यावर छापलेलं असतं. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, ते वाचा. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. कूळकायद्याची जमीन असेल, म्हणजे १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कुळाच्या नावावर आलेली, तर कलम ४३ चं बंधन असतं. प्रमाणपत्रानंतर दहा वर्षं झाली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीप्रमाणे शेतसाऱ्याच्या चाळीस पट नजराणा (सरकारला द्यायची रक्कम) भरून मार्ग निघतो. रक्कम किरकोळ असते, पण ती न भरता झालेली खरेदी वादात सापडते. देवस्थान इनामाची जमीन असेल तर मी घेणाऱ्याला सरळ नको म्हणतो. वतनाची असेल तर कोणत्या वतनाची, रीग्रँट झाली का (म्हणजे सरकारने ती पुन्हा दिली का), नजराणा भरला का, हे सगळं जुन्या फेरफारांपर्यंत मागे जाऊन वाचावं लागतं.

तिसरं, पुनर्वसनाचा शिक्का. कोयनेपासून वारणेपर्यंत सातारा-सांगलीत धरणं झाली, त्यांच्या लाभक्षेत्रातल्या गावांत धरणग्रस्तांसाठी जमिनी राखून ठेवल्या गेल्या आणि इतर हक्कात हस्तांतराला बंदी अशी नोंद आली. धरणग्रस्तांना दिलेल्या जमिनींवरही विक्रीचं बंधन असतं. आज जे तिथे कसत आहेत त्यांना ही नोंद पिढीजात दिसते आणि ती ‘नुसता शिक्का’ वाटते. शिक्का उठल्याचा लेखी आदेश हातात येईपर्यंत ती जमीन क्लिअर नाही.

आणि कागदात न सापडणारं एक ठिकाण आहे, ते म्हणजे बांध. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे जमीन प्रत्यक्ष कोणाच्या कब्जात आहे, ही गोष्ट खरेदीदाराला माहीत होती असंच धरलं जातं. ऊस कोण तोडतो, विहिरीचं पाणी कोण घेतं, विजेचं कनेक्शन कोणाच्या नावावर आहे, पाणंद कुठून जाते, हे तिथे उभं राहून शेजाऱ्याला विचारा. पुण्यात बसून फोटोवर ठरवू नका. सर्व्हे नंबरात हिस्से पडलेले असतील तर मोजणी करून घ्या. वाटणी तोंडी झालेली असेल आणि प्रत्येकाचा कब्जा वेगळ्याच हिश्श्यात असेल, हे आपल्याकडे अपवाद नाही.

वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीबद्दलही विचारलं आहे. ‘१५ दिवसांत हरकत आली नाही, म्हणून टायटल क्लिअर’ असं लिहायची पद्धत आहे. ती नोटीस जरूर द्या. मीही देतो, कारण तुम्ही सावधपणे चौकशी केली याचा तो पुरावा असतो. पण नोटीस वाचली नाही म्हणून मुंबईत असलेल्या चुलतभावाचा हिस्सा बुडाला, असं कोणताही कायदा म्हणत नाही. त्याचा हक्क दहा वर्षांनीही उभा राहू शकतो. चालू दाव्यांसाठी ई-कोर्ट्सवर विकणाऱ्याच्या आणि त्याच्या वडिलांच्या नावाने शोधा, आणि प्रांत-तहसीलदारांकडच्या महसुली दाव्यांसाठी ईक्यूजेकोर्ट्सवर. दावा चालू असताना घेतलेली जमीन त्या दाव्याच्या निकालाला बांधील राहते.

क्लिअरन्सचे आणखी काही अर्थ तुमच्या व्यवहाराच्या आसपास नाहीत, पण विचारलेत म्हणून सांगतो. तासगाव, खानापूरची द्राक्षं युरोपला जातात तेव्हा न्हावा-शेव्याला कस्टम अधिकारी १९६२ च्या कायद्याच्या कलम ५१ खाली निर्यातीची परवानगी देतो. त्याने भारत सरकारची अडवणूक संपते. पलीकडच्या देशाची तपासणी आणि औषध-अंशाची चाचणी वेगळी असते, आणि खरेदीदाराने पैसे देणं त्याहून वेगळं. पर्यावरण मंजुरी २००६ च्या अधिसूचनेखाली येते आणि बांधकामात साधारण वीस हजार चौरस मीटरपासून लागते. ती जमिनीच्या मालकीबद्दल काहीच सांगत नाही. साताऱ्याकडे महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे, तिथे टायटल अगदी स्वच्छ असलेल्या जागेवरही हवं ते बांधता येत नाही. नोटिशीच्या मुदतीत ‘क्लिअर दिवस’ म्हणतात ते आणखी निराळं: नोटीस मिळाल्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस सोडून मधले पूर्ण दिवस मोजायचे. कंपनीच्या सर्वसाधारण सभेला असे २१, गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला १४.

आता तुमच्या व्यवहाराकडे. इसाराचा चेक वटला, याने एवढंच सिद्ध होतं की विकणाऱ्याला दोन लाख मिळाले. जमिनीबद्दल त्याने काही ठरत नाही. इसार पावतीवर थांबू नका. साठेखत, म्हणजे पुढे खरेदी करायचा लेखी करार, करा आणि ते रजिस्टर करा. त्यात लिहा की बोजे, बहिणींची संमती आणि लागतील त्या परवानग्या विकणाऱ्याने अमुक तारखेच्या आत पुऱ्या करायच्या, नाही झाल्या तर इसार परत. तुमच्या वडिलांच्या नावचा सातबारा सोबत ठेवा, कारण शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो.

विकणाऱ्यांकडे काही देणं उरलं असेल आणि ते तुमच्याच पैशातून फिटणार असेल, तर ती रक्कम त्यांच्या हातात देऊ नका. सोसायटीकडून किंवा बँकेकडून आजपर्यंतच्या येण्याचं लेखी पत्र घ्या, तेवढा पैसा थेट त्या कर्जखात्यात भरा, बेबाकी दाखला तुमच्यासमोर घ्या, आणि बोजा कमी झाल्याचा फेरफार मंजूर झाल्यावरच खरेदीखताची तारीख ठरवा. यात दोन-तीन आठवडे जास्त जातात. विकणारा घाई करत असेल तर घाईचं कारण विचारा. मुलीचं लग्न, दवाखाना अशी खरी कारणंही असतात. अशा वेळी रक्कम थोडी वाढवून द्या, पण साठेखताच्या नोंदणीच्या दिवशी आणि चेकने किंवा आरटीजीएसनेच.

खरेदीखताच्या दिवशी सकाळी डिजिटल स्वाक्षरीचा ताजा सातबारा काढा, पंधरा रुपये लागतात. आपली चावडीवर त्या गटाचा एखादा फेरफार प्रलंबित आहे का ते पाहा. महिन्यापूर्वीचा उतारा महिन्यापूर्वीचंच सांगतो. उरलेली रक्कम सही होत असतानाच पाठवा आणि तिचा यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला नंबर, दस्तात लिहून घ्या. दस्त झाल्यावर सूची क्रमांक दोनची, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची, प्रत घ्या. तुमच्या नावाचा फेरफार नोंदणी कार्यालयाकडून आपोआप तलाठ्याकडे जातो, तरी तो मंजूर होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस असतात, आणि हरकत आलीच तर ती तक्रार नोंद होऊन सुनावणीला लागते. तेव्हा साठेखत, दाखले, संमतीपत्रं आणि पैसे दिल्याचे पुरावे अशी सगळी फाईल मूळ प्रतींसह तुमच्याकडे असू द्या.

भावाला मात्र आजच शाखेत पाठवा. मेमोवरची तारीख मला कळवा, नोटिशीचा मसुदा त्यावरूनच करता येईल.